क्षारपड जमिनीची परीक्षा
नीरा व कृष्णाकाठच्या बागायतीत जमिनीवर पांढरा खार दिसू लागला की शेतकरी सावध होतो. पण तोपर्यंत उसाचे नुकसान झालेले असते. प्रयोगशाळेत हे आधीच कळते. पाण्यात क्षार जितके अधिक विरघळलेले, तितकी वीज त्यातून अधिक वाहते. हीच विद्युत्‌वाहकता मोजतात.

याच्या दोन रीती प्रचलित आहेत. पहिलीत माती पाण्याने संपृक्त करून तिचा अर्क काढतात; वाहकता ४ डेसीसायमन प्रतिमीटरहून अधिक भरल्यास जमीन क्षारयुक्त समजावी. दुसरीत एक भाग मातीत दोन भाग पाणी ढवळतात. ही रीत सोपी. परंतु पाणी अधिक असल्याने त्याच मातीचा आकडा कमी येतो. येथे १ च्या वरील आकडाही नाजूक पिकांच्या उगवणीस बाधक ठरू शकतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी अहवालातील रीत पाहूनच शेतकऱ्यास सल्ला द्यावा.