पसरणीचा घाट आणि आठ सेकंद

मुंबई–पुणे सायकल शर्यतीमुळे ‘घाटाचा राजा’ हा किताब आपल्या ओळखीचा आहे. पण ती शर्यत एका दिवसात संपते. फ्रान्समध्ये 1903 साली सुरू झालेली ‘तूर द फ्रान्स’ मात्र तीन आठवडे चालते. हल्ली तिच्यात 21 टप्पे, विश्रांतीचे दोन दिवस आणि एकूण सुमारे 3400 किलोमीटर अंतर असते. जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात झालेली शर्यत याच जातीची, पण पाच दिवसांची होती.

अशा शर्यतीत सर्व टप्प्यांना लागलेल्या वेळेची बेरीज करतात. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. त्यामुळे एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकता येते. ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूने 1990 साली तशी ती जिंकली. वर्गात हे सांगितले की मुलांचा प्रथम विश्वास बसत नाही. तो बसावा म्हणून हे टप्पे आपण कृष्णेच्या खोऱ्यात मांडून पाहू.

पहिला टप्पा सपाटीचा. कराडहून पेठ नाका, आष्टा करीत सांगली गाठायची. अंतर साधारण 70 किलोमीटर. इथे सायकलस्वाराचा खरा शत्रू हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती आठपट. उसाच्या ट्रॉलीमागे सायकल धरणाऱ्या मुलाला हे सूत्र ठाऊक नसते, पण अनुभव असतो. (हा उद्योग धोक्याचा आहे, हेही त्याला सांगावे.) दुसऱ्याच्या मागे राहिल्याने सुमारे एकतृतीयांश श्रम वाचतात, घोळक्याच्या मध्यभागी तर त्याहूनही जास्त. म्हणून संघातले साथीदार आळीपाळीने पुढे होऊन वारा अंगावर घेतात आणि आपल्या म्होरक्याला मागे जपतात. एका घोळक्यात पोहोचलेल्या सर्वांना वेळही एकच दिली जाते. शंभरजण सांगलीत एकत्र शिरले, तर पहिल्याला टप्प्याचा मान मिळेल, पण बेरजेत फारसा फरक पडणार नाही.

आता वाईहून पाचगणी. पसरणीचा घाट सुमारे 550 मीटर चढतो. स्वार आणि सायकल मिळून वस्तुमान 75 किलोग्रॅम धरू. 75 × 9.8 × 550, म्हणजे सुमारे 4 लाख ज्यूल ऊर्जा केवळ उंची गाठण्यासाठी हवी. अर्ध्या तासात वर जायचे तर सतत 225 वॅट शक्ती लागेल. हवा आणि घर्षण यांचा हिशेब वेगळाच. आमच्यापैकी ज्यांनी या घाटात सायकल हातात धरून ढकलली आहे, त्यांना हा आकडा पायांत जाणवेल. वेग कमी असल्याने इथे दुसऱ्याच्या आडोशाचा उपयोग फार थोडा. तेवढीच शक्ती लावणाऱ्याचे वजन 5 किलो जास्त असेल, तर त्याला 30 ऐवजी 32 मिनिटे लागतील. सपाटीवर आठवडाभर न पडलेले अंतर घाटात असे एका सकाळी पडते. आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांत तर एकाच दिवशी असे तीन-चार घाट येतात, म्हणून धिप्पाड, वेगवान गडी तिथे मागे पडतात.

तिसरा प्रकार घड्याळाविरुद्धचा. प्रत्येकजण एकटा, ठरावीक अंतराने सुटतो. आडोसा नाही, साथीदार नाही. 1989 सालचा शेवटचा टप्पा असाच होता: व्हर्सायहून पॅरिस, 24.5 किलोमीटर, म्हणजे जवळजवळ सांगली ते तासगाव. लेमाँड 50 सेकंदांनी मागे होता. त्याने हँडलला पुढे आलेले दांडे बसवले होते. त्यांवर कोपर टेकून तो वाकून बसला, म्हणजे हवेला अडणारे अंग कमी झाले. डोक्यावर मागे निमुळते शिरस्त्राण होते. आघाडीवरचा फ्रेंच खेळाडू लोरां फिन्यों साध्या हँडलवर, उघड्या डोक्याने, केसांची शेपटी मोकळी सोडून निघाला. लेमाँडचा सरासरी वेग ताशी सुमारे 54.5 किलोमीटर पडला आणि त्या एका टप्प्यात त्याने 58 सेकंद भरून काढले. तीन आठवडे आणि 3200 हून अधिक किलोमीटरनंतर दोघांत फरक उरला 8 सेकंदांचा. आजही इतक्या कमी फरकाने ही शर्यत कोणी जिंकलेली नाही.