अंगणातील माती

इंदूर नगरीच्या रचनेचा विचार करण्यासाठी होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानास पाचारण केले होते. त्यांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ असलेल्या गेडिस यांनी जुनी वस्ती सरसकट पाडण्याऐवजी ती सुधारावी, मोकळ्या जागी झाडे व बागा कराव्यात, असा आग्रह धरला.

आज शाळांची व वसाहतींची आवारे पाहता त्या विचाराचे विस्मरण झाले की काय, अशी शंका आम्हांस येते. चिखल नको म्हणून अंगणभर फरशी बसवितात. झाडाच्या बुंध्यालाही सिमेंटचा फास बसतो. हिशेब साधा आहे. हजार चौरस मीटर आवारावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर २५,००० लिटर पाणी मिळते. मातीत ते बरेचसे मुरते. फरशीवरून मात्र गटारात धावते, आणि उन्हाळ्यात आपण टँकरची वाट पाहतो.

फरशीला आमचा विरोध नाही. येण्याजाण्याची वाट पक्की असावी. उरलेली जमीन उघडी राहावी. पाण्याचा उतार गटाराकडे न देता आवारातीलच सखल, हिरवळीच्या भागाकडे द्यावा. कडुनिंब, करंज, जांभूळ अशी आपल्या हवेत रुजणारी झाडे लावावीत. दिल्लीत २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बुंध्याभोवतीची एक मीटर जागा सिमेंटमुक्त करण्याचा आदेश दिला. आपण तो आपणहून का पाळू नये?

वर्गात आम्ही वृक्षारोपणाचा धडा शिकवावा आणि बाहेर मातीच झाकली जावी, ही विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही.