स्मृतिशिळा व मार्गचिन्हे, पवन मावळातील

एखाद्या घटनेचे, व्यक्तीचे वा दानाचे स्मरण राहावे म्हणून रस्त्याच्या कडेला, गावाच्या वेशीवर, घाटमार्गावर किंवा लेण्याच्या वाटेवर उभारलेल्या शिळा, स्तंभ, थडगी व फलक यांना मार्गस्थ स्मृतिचिन्हे म्हणता येईल. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, विशेषतः पवना नदीच्या खोऱ्यात (पवन मावळ) व त्याच्या उत्तरेकडील बोरघाटाच्या मार्गावर अशा चिन्हांची सुमारे दोन हजार वर्षांची परंपरा आढळते. पवनानगर हे या खोऱ्यातील बाजाराचे गाव. धरणाच्या निमित्ताने काले गावालगत झालेल्या वसाहतीतून ते वाढले; ‘काले कॉलनी’ हे त्याचे जुने नाव अद्यापि प्रचारात आहे. लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना हे किल्ले या परिसरातच आहेत. कोकणातील बंदरांतून देशावर येणाऱ्या व्यापारी वाटांवर हा प्रदेश वसलेला असल्याने स्मृतिचिन्हांची येथे दाटी झाली.

प्राचीन लेख : या परंपरेतील सर्वांत जुनी चिन्हे लेण्यांत आढळतात. कामशेत-पवनानगर मार्गालगतच्या डोंगरातील बेडसे येथील एका ब्राह्मी लेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाची नोंद आहे. दुसरा लेख पाण्याच्या टाक्याजवळ असून त्यात सामडिनिका या महारठिनीच्या दानाचा उल्लेख येतो. तेथील एक लहान स्तूप गोभूती या अरण्यवासी भिक्षूच्या स्मरणार्थ त्याच्या शिष्याने करविला. भाजे येथे चौदा स्तूपांचा समूह असून त्यांपैकी काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. या लेखांचे वैशिष्ट्य असे, की त्यांत राजांच्या पराक्रमापेक्षा व्यापारी, स्त्रिया व भिक्षू यांची नावे अधिक येतात. वाटसरूला पाणी देणारे टाके व दात्याचे नाव सांगणारा लेख एकाच ठिकाणी असणे, हे मार्गस्थ स्मृतिचिन्हाचे आद्य रूप होय.

वीरगळ व सतीशिळा : मध्ययुगात, विशेषतः शिलाहार-यादव काळापासून, लेखाची जागा शिल्पाने घेतली. गावाचे, गोधनाचे वा वाटेचे रक्षण करताना मृत्यू पावलेल्या वीराच्या स्मरणार्थ वीरगळ उभारीत (⟶ वीरगळ). त्यावर सामान्यतः तीन किंवा चार चौकटी असतात. सर्वांत खाली वीराचा मृत्यू, त्यावर युद्धाचा प्रसंग, त्यानंतर अप्सरांनी त्यास स्वर्गात नेणे व वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, असा क्रम खालून वर वाचावयाचा असतो. माथ्यावर कलश व दोन्ही बाजूंस चंद्र-सूर्य कोरतात. ‘आचंद्रार्क’ कीर्ती टिकावी, हा त्याचा अर्थ. सतीशिळेवर बांगड्या ल्यालेला, कोपरात वळलेला हात दाखवितात. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ लेखविरहित असल्याने वीराचे नाव व वर्ष कळत नाही. अशा वेळी वीरगळाची मूळ जागा हाच त्याचा मुख्य पुरावा ठरतो. वेशीवरचा दगड गावाची जुनी सीमा सुचवितो, तर खिंडीतला दगड बंद पडलेली वाट दाखवितो.

बोरघाटाचा मार्ग : इंग्रज-मराठे पहिल्या युद्धात रघुनाथरावास पेशवेपद मिळवून देण्यासाठी मुंबईहून निघालेल्या इंग्रज फौजेतील कॅप्टन स्ट्यूअर्ट हा अधिकारी ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ले येथे मारला गेला. ही फौज तळेगावपर्यंत आली. तेथून माघार घेत असता वडगाव येथे मराठ्यांनी तिला कोंडीत पकडले व वडगावचा तह झाला. वडगाव येथे महादजी शिंदे यांचा पुतळा असलेले विजयस्मारक आहे आणि त्याच गावी स्ट्यूअर्टचे थडगेही दाखविले जाते. त्याचे शौर्य पाहून मराठ्यांनी त्यास ‘इष्टुर फाकडा’ म्हटले व पुढे लोक त्याच्या थडग्याला मानू लागले. जेत्याचे व पराभूताचे स्मारक एकाच गावात असणे व दोहोंचा आदर होणे, ही गोष्ट लक्षणीय आहे. १८३० मध्ये बोरघाट चाकांच्या वाहनांसाठी खुला झाला. त्याच वर्षीचा, पुढे ‘अमृतांजन पूल’ या नावाने ओळखला गेलेला दगडी पूल एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला.

धरण व नंतरचा काळ : पवना धरण १९७० नंतरच्या दशकात पूर्णत्वास आले. जलाशयाखाली शेते, घरे व जुन्या पाऊलवाटा गेल्या. जलाशयातील वाघेश्वराचे दगडी मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उघडे पडते व बुडालेल्या वस्तीची खूण म्हणून ओळखले जाते. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर झालेल्या पोलीस गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यांचे स्मरण दरवर्षी त्या दिवशी करण्यात येते. गावासाठी वा गोधनासाठी पडलेल्याचे स्मरण करण्याची वीरगळाची परंपरा अशा रीतीने पाण्यासाठीच्या लढ्याशी येऊन मिळते.

तुलना व जतन : अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्याने १९२७ पासून रस्त्यालगत खांबांवर धातूचे इतिहासफलक लावण्यास प्रारंभ केला व दक्षिणेकडील लहान ग्रामीण वस्त्यांतही अशी पद्धत रूढ झाली. मोटारीतून जाणाऱ्या प्रवाशास थोडक्या शब्दांत स्थळाचा इतिहास सांगणे, हा त्यांचा हेतू होता. प्रारंभीच्या फलकांत युद्धे व सेनानी यांना प्राधान्य मिळून गुलामगिरीत राहिलेल्यांचा इतिहास मागे राहिला. उत्तरकाळात नवे फलक लावून ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले. मावळातील चिन्हांची अडचण याच्या उलट आहे. येथे सामान्यांची स्मारके विपुल आहेत. पण त्यांवर अक्षरे नाहीत.

लोहगड व विसापूर हे किल्ले आणि कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी केंद्रीय संरक्षणाखाली आहेत. २०२५ मध्ये लोहगडाचा समावेश जागतिक वारशाच्या यादीतील मराठा लष्करी भूप्रदेशात झाला. वाटेवरच्या सुट्या शिळांना मात्र बहुधा असे संरक्षण नसते. रस्तारुंदीकरणात त्या उखडल्या जातात, पायऱ्यांत वा बांधांत बसविल्या जातात, किंवा शेंदूर लागून त्यांवरील शिल्प झाकले जाते. मंदिराच्या आवारात आणून ठेवलेली शिळा वाचते, परंतु तिची जागा हरवते. म्हणून शिळा हलविण्यापूर्वी तिचे मूळ स्थान, दिशा, मोजमाप व छायाचित्र यांची नोंद करणे आणि गावातील वृद्धांकडून तिच्याविषयीची माहिती टिपून घेणे अगत्याचे ठरते. लेख नसलेल्या दगडाचा इतिहास प्रामुख्याने त्याच्या जागेत व लोकांच्या स्मृतीत असतो. ही दोन्ही गेली, की तो केवळ दगड उरतो.