रंगीत पाण्याला कोळशाची गाळणी

इचलकरंजीच्या वस्त्रोद्योगातील रंगीत सांडपाणी हे पंचगंगेच्या प्रदूषणाचे एक कारण आहे. रंगामुळे सूर्यप्रकाश अडतो, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि जलचरांचा जीव गुदमरतो. विरघळलेला रंग वस्त्रगाळ करूनही जात नाही. तेथे सक्रिय कोळसा उपयोगी पडतो. नारळाच्या करवंट्या किंवा उसाचे चिपाड हवेविना तापवून, पुढे सुमारे ८०० ते ९०० अंशांवर वाफ दिली, की कोळशात असंख्य सूक्ष्म छिद्रे निर्माण होतात. अशा एका ग्रॅम कोळशाचे पृष्ठफळ ५०० चौरस मीटरांहूनही अधिक भरू शकते. रंगाचे रेणू त्याला चिकटून राहतात. मात्र रंगाने भरलेला कोळसा उघड्यावर टाकल्यास दोष केवळ जागा बदलतो. त्याचीही सुरक्षित विल्हेवाट लागली, तरच जलातील जीवांना खरे अभय लाभेल.