जखम भरते कशी, थांबते कधी?

आंजी (मोठी) परिसरात कापूस वेचणाऱ्यांच्या बोटांना बोंडांच्या टोकदार कडांचे ओरखडे नवे नाहीत. असा ओरखडा काही दिवसांत बुजतो. पण तो बुजल्यावर पेशींची वाढ थांबते कशी, हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांपुढे ठेवू या.

बाह्यत्वचेच्या तळच्या थरातील पेशी सतत विभाजित होत असतात आणि वरच्या मृत पेशी गळून पडत असतात. निरोगी त्वचेत जेवढी झीज तेवढीच भर. जखम झाली की हा तोल बदलतो. रक्त गोठते. रक्तपट्टिका आणि मागोमाग येणाऱ्या पांढऱ्या पेशी 'वाढघटक' नावाची प्रथिने सोडतात. (अशा घटकांच्या शोधासाठी स्टॅन्ली कोहेन व रिटा लेव्ही-मोंतालचिनी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) काठावरच्या पेशी शेजारच्या पेशींची पकड सैल करून मोकळ्या जागेकडे सरकतात, मागच्या पेशी विभाजित होऊन भर घालतात. समोरासमोरच्या पेशी एकमेकींना भिडल्या, की सरकणे थांबते आणि विभाजन मंदावते. म्हणजे शेजारणीचा स्पर्श हीच थांबण्याची खूण.

आतल्या त्वचेत तंतुजनक पेशी कोलॅजेन तयार करतात. काम संपल्यावर त्यांपैकी बऱ्याच पेशी आपोआप नष्ट होतात. हे थांबणे चुकले तर व्रण वाढतच राहतो. कान टोचल्यावर काहींना येणारी कडक गाठ, म्हणजे कीलॉइड, ती अशीच.

याउलट, काही जखमा भरतच नाहीत. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवा सुरू केली. कुष्ठरुग्णांचे मांसच सडके, म्हणून त्यांच्या तळपायाच्या जखमा भरत नाहीत, असा समज त्या काळी रूढ होता. वेल्लोर येथील शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी पुढे तो खोडून काढला. पाय प्लास्टरमध्ये ठेवून दाब हटवला, की त्याच जखमा भरून येत. पेशींत उणीव नव्हती. पाय बधिर असल्याने रुग्णाला वेदना कळत नसे. तो चालत राही आणि नव्या पेशी पावलागणिक चिरडल्या जात.

मधुमेहाने बधिर झालेल्या पायालाही हाच धोका असतो. अशा व्यक्तीने तळपाय रोज तपासावेत, अनवाणी चालू नये आणि जखम दिसताच तिच्यावरचा भार काढून डॉक्टरांना दाखवावी. एवढे विद्यार्थ्यांनी घरी जाऊन सांगितले, तरी एखादा पाय वाचू शकेल.