गुरुभक्ती आणि अधिकार

अध्यात्मविद्या अधिकार पाहूनच सांगावी, असा आपल्या परंपरेचा दंडक आहे. हा अधिकार ठरतो कशावरून? जन्मावरून, की वृत्तीवरून? आम्हां श्रमिकांना हा प्रश्न केवळ पोथीतला वाटत नाही. आमच्या वाडवडिलांना 'तुमचा अधिकार नाही' एवढेच उत्तर पिढ्यान्‌पिढ्या मिळत आले.

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात सत्यकामाची कथा आहे. आई जबाला लोकांची सेवाचाकरी करून राहिलेली. मुलाचे गोत्र तिला ठाऊक नव्हते. गौतम ऋषींनी गोत्र विचारले, तेव्हा सत्यकामाने आईचे उत्तर जसेच्या तसे सांगितले. तो सत्यापासून ढळला नाही म्हणून ऋषींनी त्याला शिष्य करून घेतले आणि 400 रोडक्या गाई त्याच्या हवाली केल्या. त्यांच्या हजार झाल्याखेरीज परतायचे नाही, असे ठरवून त्याने वर्षानुवर्षे रानात काढली. बैल, अग्नी, हंस आणि मद्गु पक्षी यांनी त्याला ब्रह्माचा उपदेश केला. तरी परतल्यावर, 'आपणच मला सांगावे,' अशी त्याने गुरूंना विनंती केली. अंगावर घेतलेले काम तडीस नेणे आणि मिळालेल्या ज्ञानाचा ताठा न धरणे, ही त्याची गुरुभक्ती.

परंतु कथेतील एक गोष्ट झाकून चालणार नाही. असे बोलणे ब्राह्मणाखेरीज कोणाला जमणार नाही, असेही गौतम म्हणतात. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्यांनी शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाकारताना ज्या गोष्टींचा आधार घेतला, त्यांत हीही कथा आहे. इतिहास-पुराणांची वाट मात्र त्यांनी सर्वांना मोकळी ठेवली. उलट, ऋषींनी सत्यावरून वर्ण ओळखला, कुळावरून नव्हे, असा अर्थही अनेकांनी लावला. आम्हांला हाच अर्थ पटतो. संतांनी तर तो आचरणात आणला: सतराव्या शतकात ब्राह्मण घरातल्या बहिणाबाईंनी कुणबी तुकोबांना गुरू मानले.

अधिकाराची ही कसोटी एकट्या शिष्याला नाही. गुरू शास्त्र जाणणारा आणि ब्रह्मनिष्ठ असावा, असे मुंडक उपनिषद सांगते. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळविण्यासाठी नमस्कार आणि सेवा यांच्या जोडीला परिप्रश्न, म्हणजे खोदून विचारणे, सांगितले आहे. तेव्हा शिष्याने नम्र जरूर असावे, मुके असू नये. आणि ज्या गुरूला प्रश्न खपत नाही, त्याचाच अधिकार आधी तपासावा.