जीपमधून अटलांटिकपार

दुसऱ्या महायुद्धात भारतीय लष्करात अभियंता असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या बेन कार्लिन यांनी 1946 मध्ये बंगालमधील कलाईकुंडा विमानतळावर फोर्ड कंपनीची पाण्यातही चालणारी लष्करी जीप पाहिली. हिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा करायची, असे त्यांच्या मनाने घेतले.

पुढे अमेरिकेतील सरकारी लिलावात त्यांनी तशीच जुनी जीप विकत घेतली. ती नदीनाले ओलांडण्यापुरती होती. कार्लिन यांनी तिच्यावर बंदिस्त केबिन चढवली, पुढचा भाग लांबवला, टाक्या वाढवल्या. खरा हिशेब इंधनाचाच होता. भर समुद्रात पेट्रोल कोठून मिळणार? सगळे आत भरावे तर जीपच बुडेल. म्हणून एक टाकी पाण्यातून मागे ओढत न्यावी लागली.

नाव ठेवले ‘हाफ-सेफ’, म्हणजे अर्धीच सुरक्षित. ते खोटे नव्हते. 1948 पासूनचे प्रयत्न फसले. एकदा तर भरकटलेल्या दांपत्याला जहाजाने उचलले. अशा उद्योगाला कोणती पेढी कर्ज देणार? अखेर जुलै 1950 मध्ये पत्नी एलिनोरसह हॅलिफॅक्सहून निघून ते अझोर्स बेटांवर पोहोचले. पुढचा खर्च पुस्तक लिहून आणि जीपचे प्रदर्शन मांडून भागवला. एलिनोर यांनी पुढे साथ सोडली. कार्लिन यांनी प्रदक्षिणा 1958 मध्ये माँट्रियल येथे पूर्ण केली. जीप आज पर्थच्या गिल्डफर्ड ग्रामर स्कूलमध्ये आहे.